घर विकायचं, जमीन नाही

घर जसं जुनं होतं तसा त्याचा भाव खरं तर उतरायला हवा. भिंतींना ओल धरते, छप्पर बदलावं लागतं. तरीही जुनी घरं बांधली तेव्हापेक्षा कितीतरी महाग विकली जातात, कारण वाढलेला भाव विटा-सिमेंटचा नसून खालच्या जमिनीचा असतो. तो वाढतो जवळ आलेल्या रस्त्यामुळे, शाळेमुळे, नोकऱ्यांमुळे, म्हणजे सगळ्या समाजाच्या कष्टामुळे आणि करांमुळे. कमाई मात्र त्या वेळी जमीन ज्याच्या नावावर असेल त्याची होते.

कम्युनिटी लँड ट्रस्ट नेमका इथेच हात घालतो. जमीन कायमची ना-नफा ट्रस्टच्या नावावर राहते आणि घर कुटुंबाच्या मालकीचं होतं. जमिनीसाठी बहुधा ९९ वर्षांचा भाडेपट्टा असतो, तोही नाममात्र भाड्याने, आणि तो वारसांकडे जातो. घर विकायलाही हरकत नाही, फक्त किंमत पट्ट्यात आधीच लिहिलेल्या सूत्राने ठरते.

अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहराने १९८४ मध्ये, बर्नी सँडर्स महापौर असताना, अशा ट्रस्टला २ लाख डॉलरचं बीजभांडवल दिलं. तिथलं सूत्र असं, की विकणाऱ्याला त्याने घातलेले पैसे आणि सुधारणांचा खर्च परत मिळतो, शिवाय मूल्यवाढीतला २५ टक्के वाटा.

एक काल्पनिक हिशेब मांडू. घराचा बाजारभाव २ लाख डॉलर आहे. ५० हजार अनुदानातून आले, कुटुंबाने दीड लाख भरले. काही वर्षांनी भाव २ लाख ६० हजार झाला. वाढ ६० हजारांची, तिचा चौथा हिस्सा १५ हजार. म्हणजे पुढच्या कुटुंबाला तेच घर १ लाख ६५ हजारांत मिळतं. बाजारभावातली सूट ५० हजारांवरून ९५ हजारांवर गेली आणि सरकारला नवा पैसा घालावा लागला नाही! मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. म्हाडाच्या लॉटरीतलं घर पाच वर्षांनी बाजारभावाने विकता येतं, तेव्हा त्यात मुरलेली सवलत पहिल्याच मालकाबरोबर निघून जाते.

यात मालकावर अन्याय होतो का? बाजारातल्यापेक्षा त्याचा नफा नक्कीच कमी होतो. पण बाजारातलं घर त्याला मुळात परवडलंच नसतं, आणि भाडं भरत राहिला असता तर हाती काहीच उरलं नसतं.

मंदीतही ही रचना टिकली. २०१० च्या अखेरीस अमेरिकेच्या खुल्या बाजारातल्या गृहकर्जांपैकी ४.६३ टक्के जप्तीच्या प्रक्रियेत होती. लँड ट्रस्टच्या घरांत हे प्रमाण ०.४६ टक्के होतं. ट्रस्ट कर्जाच्या अटी आधी तपासतो, फसवी कर्जं अडवतो आणि हप्ता थकला की कुटुंबाच्या मदतीला धावतो.

या कल्पनेचं एक मूळ थेट आपल्या विनोबांपर्यंत जातं. भूदानात एकेकट्या गरीब कुटुंबाला दिलेली जमीन कर्जापायी सावकाराकडे जाण्याचा धोका असे. ग्रामदानात मालकी गावाची झाली, कसणं कुटुंबाकडे राहिलं. अमेरिकेतले शांततावादी कार्यकर्ते रॉबर्ट स्वान यांनी हा विचार अभ्यासला होता. स्वान, नागरी हक्क चळवळीतलं दांपत्य चार्ल्स आणि शर्ली शेरॉड आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनीजवळ 'न्यू कम्युनिटीज' हा लँड ट्रस्ट स्थापन केला. मतदार म्हणून नाव नोंदवलं एवढ्यावरून कृष्णवर्णीय कुटुंबांना जमिनीवरून हुसकावलं जात होतं, त्यांच्यासाठी सुमारे ५,७०० एकर जमीन घेतली गेली. पुढे दुष्काळ पडला, सरकारी शेतीकर्ज वेळेवर मिळालं नाही, आणि १९८५ मध्ये गहाण जमीन गेली. सरकारी कर्जातल्या वर्णभेदाच्या दाव्यात २००९ साली १ कोटी २० लाख डॉलरची भरपाई मिळाली, त्यातून नवी जमीन घेता आली.

नंतरच्या ट्रस्टांमध्ये घर घेणारं कुटुंब सहसा घर आणि भाडेपट्टाच गहाण ठेवतं, खालची जमीन नाही. कारभारी मंडळाची रूढ विभागणीही तिहेरी असते. एक तृतीयांश जागा तिथे राहणाऱ्यांच्या, एक तृतीयांश आसपासच्या वस्तीच्या आणि उरलेल्या सार्वजनिक हित पाहणाऱ्यांच्या. सगळ्यांत अवघड काम पहिलंच, जमीन मिळवण्याचं. भाव चढण्याआधी ती हाती आली तर तेवढ्याच पैशांत जास्त घरं उभी राहतात, म्हणून नवा रस्ता किंवा रेल्वे जाहीर होण्याआधीच जागा घेऊन ठेवणं हे कुठल्याही शहरासाठी शहाणपणाचं आहे.