मिशीचं पांढरं

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीने आमच्या चिंगी मांजरीचं चित्र काढायला घेतलं आणि पहिले दोन कागद मिशांपाशी वाया गेले. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरात जुलैमध्ये ड्रॉइंगचा कागद सकाळी सरळ असतो, संध्याकाळपर्यंत वाळत घातलेल्या पापडासारखा कडेने उचलला जातो. त्यावर अल्कोहोल मार्कर टेकवला की ठिपक्याला पाय फुटतात, शाई कडेने पसरत जाते. शिवाय पारदर्शक शाईच्या चित्रात पांढरा रंग नसतोच, तिथे कागद कोरा सोडावा लागतो. काळ्या गालावरून जाणारी केसाएवढी कोरी रेघ सोडायची कशी? "मावशी, मिशा राहूच देत," ती म्हणाली.

मांजराच्या तोंडाला प्रत्येक बाजूला साधारण बारा मिशा असतात, चार ओळींत. त्या वगळल्या तर ती चिंगी राहणार नाही, असं मला मनापासून वाटलं. म्हणून तिसऱ्या वेळी कागदाऐवजी चिनीमातीचा लेप दिलेला बोर्ड आणला. खाली हार्डबोर्ड, वर केओलिनचा, म्हणजे त्याच चिनीमातीचा, पांढराशुभ्र, गुळगुळीत थर. त्यावर मार्करने रंगवायचं आणि पांढरं हवं तिथे टोकदार पात्याने रंग खरवडून काढायचा. मिशा शेवटी कोरायच्या.

ही माती इतकी वेगळी का वागते, हे समजून घ्यायला आपल्या पायाखालच्या मातीपासून सुरुवात करता येते. सह्याद्रीचा बेसॉल्ट झिजून देशावरची काळी माती झाली. तिच्यातल्या खनिजांच्या थरांमध्ये पाणी शिरतं, ती फुगते, आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. केओलिन मात्र बहुतेक करून ग्रॅनाइटसारख्या खडकांतल्या फेल्डस्पारपासून बनतं. पावसाच्या पाण्याने पोटॅशियम, सोडियम वाहून जातं आणि ॲल्युमिनियम, सिलिकॉन मागे उरतं. आपल्याकडे सिंधुदुर्गात ही माती सापडते. नाव मात्र चीनमधल्या गावलिंग या ठिकाणावरून पडलं. केओलिनचा एक थर जेमतेम 0.7 नॅनोमीटर जाडीचा. हे थर एकमेकांना हायड्रोजन बंधांनी इतके घट्ट धरून असतात की मध्ये पाण्याला वाटच मिळत नाही. त्यामुळे हा लेप ठाण्याच्या दमट हवेत फुगत नाही. मागचा हार्डबोर्ड मात्र लाकडाच्या तंतूंचा असतो आणि उघड्या कडांमधून ओल पितो. त्या कडांना आधी व्हार्निश लावून घेतलेलं बरं.

ठिपक्याला पाय का फुटत होते? कागद म्हणजे लाकडाच्या तंतूंचं जाळं. एकेक तंतू मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांब. अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असल्यामुळे ते झटकन पसरतं, आणि तंतूच्या कडेने वाट सापडली की त्याच दिशेने धावतं. केओलिनच्या चकत्या बहुतेक दोन मायक्रॉनपेक्षाही लहान. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड, म्हणजे त्याच्या रुंदीत अशा पस्तीस तरी चकत्या शेजारी शेजारी बसतील. त्यांच्यामधल्या फटी बारीक, आणि सगळ्या दिशांना जवळपास सारख्या. इतक्या अरुंद फटीत शाईला ओढ मोठी असते, पण घर्षणाचा अडथळा त्याहून मोठा, म्हणून ती सावकाश सरकते. लुकास यांनी 1918 मध्ये आणि वॉशबर्न यांनी 1921 मध्ये मांडलेला नियम सांगतो की अशी शाई दुप्पट अंतर जायला चौपट वेळ घेते. तेवढ्यात अल्कोहोल उडून जातं आणि रंग वरच्या पातळ पट्ट्यातच अडकतो. रेघेची कड स्वच्छ येते, आणि खरवडायलाही फार खोल जावं लागत नाही.

आता पांढऱ्याकडे. मला या सगळ्यात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच आहे.

पूर्व द्रुतगती महामार्गावरून जाताना मुलुंड-भांडुपची मिठागरं दिसतात. तिथल्या मिठाची रास दुरून पांढरी दिसते. पण त्यातला एक खडा हातात घेतला तर तो काचेसारखा आरपार असतो. म्हणजे पांढरेपणा मिठात नाही. हवेतून खड्यात, खड्यातून हवेत शिरताना प्रकाश दर वेळी थोडा वळतो, थोडा परततो. हजारो खड्यांमधून तो सगळ्या दिशांना विखुरतो. सगळे रंग सारखेच परत आले की डोळा त्याला पांढरं म्हणतो. केओलिनचंही तसंच. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, 1.56 च्या आसपास, हवेचा 1, आणि मध्ये असंख्य फटी. याच कारणाने बोर्डाला तेलकट बोट लावायचं नाही: फटीत हवेऐवजी तेल भरलं की फट आणि माती यांच्या अपवर्तनांकांतला फरक कमी होतो आणि तिथे मळकट डाग दिसतो.

चिंगीच्या मिशीतही पांढरं रंगद्रव्य नाही. तिच्यात केसांना रंग देणारं मेलॅनिन नसतं, एवढंच. उरतं ते फिकट, पारदर्शक केराटिन, म्हणजे केसाचं प्रथिन, आणि त्यावर विखुरणारा प्रकाश. पात्याने काळा थर खरवडून खालची माती उघडी केली तेव्हा भाचीने मिशीची नक्कल केली नव्हती. मिशी ज्या कारणाने पांढरी दिसते, त्याच कारणाने ती रेघ पांढरी दिसत होती.

काळा थरही सहज जमला नाही. मार्करच्या रंगातून प्रकाश खाली जातो, मातीवर विखुरतो आणि त्याच रंगातून पुन्हा वर येतो. एका थरातून निम्मा प्रकाश पार होत असेल, तर जाऊन-येऊन पावच उरतो. दोन थरांनंतर एक सोळांश. म्हणून फिकट रंग आधी, गडद नंतर, आणि प्रत्येक थर वाळू द्यायचा. नाहीतर नवं अल्कोहोल खालचा रंग पुन्हा विरघळवतं. केशरी-काळ्या सीमेवर मात्र आम्ही हे मुद्दाम होऊ दिलं, कारण चिंगीच्या अंगावर ते रंग असेच एकमेकांत शिरलेत.

चिंगी तीनरंगी आहे, आणि अशा मांजरी जवळपास नेहमी माद्याच असतात. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीला दोन एक्स, आणि गर्भातच प्रत्येक पेशी त्यातला एक बंद करते, हे मेरी लायन यांनी 1961 मध्ये मांडलं. कुठला बंद होईल ते नशिबावर, म्हणून अंगावर कुठे केशरी येतो, कुठे काळा. केशरीमागचा नेमका बदल, डीएनएचा सुमारे 5,100 अक्षरांचा गळालेला तुकडा, अमेरिका आणि जपानमधल्या दोन गटांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केला. 2001 मध्ये टेक्सासमध्ये एका तीनरंगी मांजरीचं क्लोन जन्माला आलं. जनुकं तीच, पण अंगावर केशरी आलाच नाही. ठिपके कुठे आहेत ते कळायला मांजराकडे बघत बसणं हाच मार्ग. भाची तीन संध्याकाळ बघत बसली.

खरवडताना निघणारी पूड फुंकू नये, मऊ ब्रशने खाली पाडावी आणि ओल्या फडक्याने टिपावी. तोंडाला मास्क असावा, कारण मातीची बारीक धूळ फुप्फुसांना बरी नव्हे. वरून व्हार्निश द्यायचं तर फवाऱ्याने, पातळ थरांत. स्पिरिटचं व्हार्निश ब्रशने फिरवलं तर रंग पुन्हा सुटतो.

राहिला उन्हाचा प्रश्न. बहुतेक अल्कोहोल मार्करमध्ये रंगद्रव्याचे कण नसतात, विरघळलेलं रंजक असतं. कणातले आतले रेणू बाहेरच्यांच्या आडोशाला राहतात. विरघळलेल्या रंजकाचा रेणू उन्हात एकटा सापडतो, आणि रंग देणारे त्याचे बंध अतिनील किरणांनी तुटतात. साडीवरचा हळदीचा डाग धुऊन उन्हात टाकला की फिका होतो, तो हळदीतल्या कर्क्युमिनचे बंध असेच तुटतात म्हणून.

म्हणून चित्र पॅसेजमध्ये लावलंय, जिथे थेट ऊन येत नाही. खिडकीत चिंगी स्वतः बसते.