टोचन, पण साखळीविना

पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरून पोफळीला पोचलो आणि गाडी बंद पडली. तिथून चिपळूणच्या गॅरेजपर्यंत टोचन करून आलो. पुढे ओळखीच्या काकांचा पिकअप, मध्ये दुहेरी केलेला नायलॉनचा दोर, मागे आमची गाडी आणि स्टेअरिंगवर मी. निघण्याआधी काकांनी खिडकीशी येऊन बजावलं, "दोर सैल पडू देऊ नको. मी वेग कमी केला की तू हलकेच ब्रेक लाव. सैल पडला की झटका बसतो, नि झटक्यानं हुक उपटतो." पुढचा पाऊण तास माझी निम्मी नजर रस्त्यावर आणि निम्मी त्या दोरावर होती. तो ताणला की त्यातून पाणी पिळून निघायचं, झोळ पडू लागला की माझा पाय ब्रेककडे जायचा. इंजिन बंद, म्हणजे ब्रेकला व्हॅक्यूमची मदत नाही. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं झालं. स्टेअरिंग वळवायला दोन्ही हात लावावे लागत होते.

हे आठवण्याचं कारण म्हणजे गेली काही वर्षं मोबाइलवरून फिरणारी एक कल्पना: हुक नको, दोर नको, दांडा नको. पुढच्या गाडीवर एक यंत्र, मागच्या गाडीवर एक यंत्र, आणि मागची गाडी बिनतारी लहरींवर ओढली जाते. गणपतीला गावी आलेल्या पोरांच्या गप्पांत ती मी ऐकली आहे आणि चांगल्या शिकलेल्या माणसांना ती खरी वाटलेली पाहिली आहे. तिच्यात एक सपशेल अशक्य गोष्ट आणि एक खरं, अनेक दशकांचं संशोधन यांची सरमिसळ झाली आहे. ही सरमिसळ घाटरस्त्यावर माणसाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून तिची पार्श्वभूमी नीट सांगायला हवी.

आधी शब्दच घेऊ. टोचन म्हणजे टो-चेन, आपल्या गॅरेजवाल्यांच्या आणि ट्रकवाल्यांच्या तोंडात घोळून मराठी झालेली. शब्दातच साखळी आहे. ओढणं म्हणजे बळ एका वस्तूतून दुसरीत पोचवणं, आणि बळ पोचवायला मध्ये काहीतरी धरून ठेवणारं लागतं. बैलाच्या मानेवर जू, होडी किनाऱ्यावर घेताना दोर, आगबोटीमागच्या पडावाला साखळदंड. मोटारी आल्या तेव्हा त्या चिखलातून काढायलाही माणसं दोरच घेऊन धावली. अमेरिकेत टेनेसीमधल्या चॅटनुगा गावच्या अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याने ओढ्यात गेलेली एक गाडी माणसं, दोर आणि ठोकळे लावून मोठ्या कष्टाने बाहेर काढली, आणि त्या अनुभवातून १९१६ साली जुन्या कॅडिलॅकवर कप्पी, खांब आणि साखळी बसवून पहिली टोइंग गाडी तयार केली. आज रस्त्यावर दिसणारी क्रेन तिचीच वंशज.

पण साखळी नुसती ओढत नाही, ती सुटल्यावर काय होतं हा प्रश्नही तिच्यासोबत येतो. त्याचं उत्तर जगाला रेल्वेने फार मोठी किंमत मोजून मिळवून दिलं. १२ जून १८८९ ला आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ सहलीची एक गाडी चढावर अडली. इंजिनाला सगळे डबे ओढवेनात, म्हणून गाडी मध्येच सोडून पुढचा भाग आधी नेऊन यायचं ठरलं. मागच्या डब्यांना ब्रेकव्हॅनचा हाताने फिरवायचा ब्रेक होता, आणि चाकांखाली दगड लावले होते. हो, आपल्या घाटात ट्रकच्या चाकाला लावतात तसेच दगड. पुढचा भाग निघताना किंचित मागे सरकला, डब्यांना धक्का बसला, दगड चिरडले गेले आणि माणसांनी भरलेले डबे उतारावरून मागे सुटले ते थेट खालून येणाऱ्या गाडीवर. सुमारे ८० माणसं गेली, त्यांत मुलं बरीच होती. त्या गाडीला व्हॅक्यूम ब्रेक होता, पण जोड सुटली की तो निकामी व्हायचा. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा होऊन प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा झाला: नळी तुटली, डबा सुटला, तर तुटलेल्या दोन्ही तुकड्यांचे ब्रेक आपोआप लागले पाहिजेत. आज ट्रेलरला हुकाशिवाय जी जादा साखळी किंवा ब्रेक ओढणारी तार असते, तिच्यामागे हाच विचार आहे. जोड कधीतरी तुटणार हे धरूनच जोड बनवायची.

आता लहरींनी ओढण्याचा हिशेब करून पाहू, कारण तो एकदा केला की बराच धूर निवतो. १,२०० किलोची साधी मोटार १५ ला १ अशा चढावर नुसती धरून ठेवायला सुमारे ८० किलो वजनाइतकं बळ लागतं, चाकांचं घर्षण वेगळं. रेडिओलहरींनाही दाब असतो, पण तो इतका नगण्य की तेवढं बळ मिळवायला सुमारे २ लाख ३५ हजार मेगावॉटचा झोत त्या गाडीवर सोडावा लागेल. आमच्या वाशिष्ठी नदीत ज्याचं वीज करून सोडलेलं पाणी येतं तो कोयनेचा सगळा प्रकल्प १,९६० मेगावॉटचा. असे १२० प्रकल्प एका मोटारीसाठी! आणि एवढं करून तो झोत गाडीला ढकलेल, ओढणार नाही. राहिलं लोहचुंबक. दोन चुंबकांमधलं अंतर त्यांच्या आकाराच्या मानाने मोठं असेल तर अंतर दुप्पट केल्यावर ओढ सोळाव्या हिश्शावर येते. म्हणून क्रेनचा चुंबक भंगाराला चिकटल्यावरच उचलतो, पाच मीटरवरून नाही. बिनतारी लहरी आज्ञा नेतात, बळ नेत नाहीत. मागची गाडी हलायची तर तिचं स्वतःचं इंजिन, स्वतःचा ब्रेक आणि स्वतःचं स्टेअरिंग धड पाहिजे. ते धड असेल तर टोचन कशाला? आणि पोफळीला माझी गाडी जशी मेली होती तशी ती असेल, तर आज्ञा ऐकणार कोण?

मग शास्त्रज्ञ इतकी वर्षं करत काय होते? ते करत होते ते ओढणं नव्हतंच, पाठोपाठ चालणं होतं. १९२५ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावर हौडिना नावाच्या माणसाने चालकाविना मोटार फिरवून दाखवली. मागून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीतून रेडिओने तिला हुकूम दिले जात होते. त्या फेरीतच ती दुसऱ्या गाडीवर धडकली. पुढे १९९० च्या दशकात युरोपात 'शोफर' नावाचा प्रकल्प झाला. डाइमलरसारख्या कंपन्या त्यात होत्या. पुढच्या ट्रकच्या पाठीवर अवरक्त (इन्फ्रारेड) दिव्यांची ठरावीक मांडणी, मागच्या ट्रकवर ती पाहणारा कॅमेरा, आणि मध्ये रेडिओ. जर्मनांनी याला नाव दिलं 'इलेक्ट्रॉनिक डाइक्सेल'. डाइक्सेल म्हणजे घोडागाडीची दांडी, आपल्या बैलगाडीला असते तशी. माझ्या मते घोळाची सुरुवात या नावापासून झाली. नाव ऐकणाऱ्याला वाटतं लाकडी दांडीच्या जागी विजेची दांडी आली. प्रत्यक्षात मागचा ट्रक स्वतःच्या डिझेलवर चालत होता.

१९९७ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ आठ ब्यूक गाड्या एकामागोमाग सुमारे साडेसहा मीटर अंतर ठेवून धावल्या, तेही रस्त्यात दर १.२ मीटरवर चुंबक पुरून, वेगळ्या राखलेल्या मार्गिकेत. २०१२ मध्ये 'सार्त्र' प्रकल्पात व्होल्वोच्या गाड्यांचा ताफा बार्सिलोनाजवळ खुल्या महामार्गावर ताशी ८५ किलोमीटरने गेला, मधलं अंतर ६ मीटर. त्या वेगाला ६ मीटर पाव सेकंदात कापले जातात. माणसाचा पाय ब्रेकपर्यंत पोचायलाच त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. २०१६ मध्ये सहा युरोपीय ट्रक कंपन्यांचे ताफे वेगवेगळ्या देशांतून रॉटरडॅमला आले. जपानने २०२१ मध्ये शिन-तोमेई द्रुतगती मार्गावर तीन ट्रकांचा ताफा चालवला, मागच्या दोघांत चालक नाही, अंतर सुमारे ९ मीटर. हे सगळं खरं आहे आणि कौतुकाचं आहे.

त्याचा आर्थिक शेवट मात्र फारसा कोणी सांगत नाही. मागच्या ट्रकला वारा कमी लागतो म्हणून डिझेल वाचतं, हा मुख्य फायदा सांगितला जायचा. जानेवारी २०१९ मध्ये डाइमलरने जाहीर केलं की खऱ्या रस्त्यावर बचत अपेक्षेपेक्षा कमी निघाली, कारण ताफा तुटतो आणि पुन्हा जुळवायला मागच्या ट्रकला वेग वाढवावा लागतो. त्यांनी हा विषय बाजूला ठेवला. याच कामासाठी उभी राहिलेली अमेरिकेतली पेलोटन ही कंपनी २०२१ मध्ये बंद पडली.

ताफा तुटतो कशाने? मध्ये कुणी घुसल्याने. इथे मला आमचा मुंबई-गोवा महामार्ग दिसतो. दोराने टोचन करताना मधला दोर न दिसल्यामुळे दुचाकीवाले अडकून जीव गमावतात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. म्हणून दोराला लाल फडकं बांधायचं असतं. पण दोर दिसला की निदान माणूस थांबतो. नुसत्या मोकळ्या सहा मीटरमध्ये वाडीवरून येणारा स्कूटरवाला, शाळेची पोरं, रस्त्यात बसलेली गुरं, सगळे हक्काने शिरणार. त्यांनी का शिरू नये? त्यांना काय ठाऊक की त्या दोन गाड्या 'जोडलेल्या' आहेत? कशेडीच्या बोगद्यात उपग्रहाचा संदेश पोचत नाही. करूळ किंवा आंबोलीच्या वळणावर पुढची गाडी डोंगराआड जाते आणि मागच्या कॅमेऱ्याला दरड दिसते. जुलैतल्या पावसात, समोरच्या चाकांनी उडवलेल्या तांबड्या चिखलात, कॅमेऱ्याच्या काचेची अवस्था आपल्या विंडशील्डपेक्षा बरी नसणार. वरचे ताफ्यांचे सगळे प्रयोग आखीव पट्ट्यांच्या, कठडे असलेल्या, गुरं नसलेल्या रस्त्यांवर झाले आहेत.

शिवाय बिनतारी आज्ञा दुसऱ्या कुणालाही देता येते, हा धोका कल्पनेतला नाही. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघा संशोधकांनी घरी बसून हायवेवरची एक जीप चेरोकी इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली, आणि त्यापायी १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. माझ्या दोराला तांत्रिक ज्ञान काहीच नव्हतं, पण तो लांबून कुणाला ओढता येत नव्हता.

आपल्याकडच्या कायद्याने हा विचार फार आधी केलेला दिसतो. १९८९ च्या रस्ता-नियमांत टोचनासाठी बंधनं होती: दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको, वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नको, दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी हवी, मागच्या गाडीच्या पाठीवर 'ऑन टो' अशी पाटी हवी, आणि पुढची चाकं क्रेनने उचललेली नसतील तर मागच्या गाडीत परवानाधारक चालक बसलेला हवा. या शेवटच्या अटीत खरं शहाणपण आहे. ओढल्या जाणाऱ्या गाडीतही एक सावध माणूस लागतो, कारण ब्रेक त्यालाच लावायचा असतो. (इलेक्ट्रिक आणि ऑटोमॅटिक गाड्यांचं दुखणं आणखी वेगळं. बऱ्याच गाड्यांची फिरती चाकं जमिनीवर ठेवून ओढलं तर मोटर किंवा गिअरबॉक्स बिघडतो. त्यांना सपाट ट्रकवर चढवूनच न्यावं.)

बिनतारी तंत्राचा चांगला उपयोग कुठे होतो तेही सांगतो. लांब मालगाड्यांत मधल्या किंवा शेवटच्या इंजिनाला पुढचा चालक रेडिओने हुकूम देतो. हे तंत्र परदेशात १९६० च्या दशकापासून आहे, आपल्या रेल्वेतही आलं आहे. पण तिथे प्रत्येक डबा कपलिंगने जोडलेला असतो आणि ब्रेकची नळी पहिल्यापासून शेवटपर्यंत जाते. रेडिओ गप्प झाला तरी नळीतला दाब बोलतो.

आणि चालत्या गाड्या न चालवता पुढे नेण्याचा प्रयोग तर कोकणाने स्वतः करून दाखवला आहे. कोकण रेल्वेची रो-रो सेवा जानेवारी १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा सुरू झाली: भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवायचे, चालक-क्लीनर आपापल्या केबिनमध्ये बसून राहणार, आणि ट्रक घाट, वळणं, डिझेल सगळं चुकवून गोव्यात उतरणार. ऑगस्ट २०२५ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, तशीच सेवा मोटारींसाठीही आली. रात्री गावच्या स्टेशनात उभं राहून ही गाडी जाताना पाहिली की एकामागोमाग जाणारे ट्रक दिसतात, कुणाच्या केबिनमध्ये दिवा, कुणाच्या दारावर वाळत टाकलेला टॉवेल.

त्या दिवशी आम्ही चिपळूणला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. दोराची गाठ इतकी घट्ट बसली होती की हाताने सुटेना. गॅरेजमधल्या पोराने तिच्यात स्क्रूड्रायव्हर खुपसून, दोन्ही बाजूंनी हलवून हलवून ती सोडवली, दोर पिळून काढला आणि काकांच्या पिकअपच्या हौद्यात टाकला. माझ्या पुढच्या बंपरखालचा हुक किंचित वाकला होता. तो मी अजून बदललेला नाही.