नकाशातला तो खळगा चूक नाही
(आमच्या आशियाच्या उठावाच्या नकाशासोबतचं माहितीपत्रक)

नकाशा घरी नेला की बऱ्याच ग्राहकांचा फोन येतो, "भाऊ, पश्चिमेला एका जागी नकाशा दबला आहे, बदलून द्या." तो दबलेला नाही. डोळे मिटून त्यावर बोट फिरवा. जॉर्डन आणि इस्राएलच्या मध्ये नखाएवढी खाच लागेल. तो मृत समुद्राचा किनारा, पृथ्वीवरची सगळ्यात सखल उघडी जमीन. समुद्रसपाटीच्या 430 मीटरहून जास्त खाली.

ही मोजणी कुठून करायची, त्याचा पुरावा आपल्या नागपुरातच आहे. झिरो माइलच्या आवारातल्या 1907 च्या दगडावर त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे, 1020 फुटांच्या जराशी वर, म्हणजे सुमारे 311 मीटर. आमच्या नकाशात 1 मिलिमीटर म्हणजे 200 मीटर. त्यामुळे नागपूर दीड मिलिमीटर वर आणि मृत समुद्र दोन मिलिमीटर खाली. एवरेस्ट मात्र चांगला 44 मिलिमीटर.

लोणार पाहून आलेले विचारतात, आपल्याकडे खळगा का नाही? लोणारचं सरोवर काठावरून खूप खाली दिसतं, पण त्याचं पाणीसुद्धा समुद्रसपाटीच्या 400 मीटरहून वर आहे. खोल असणं वेगळं आणि सखल असणं वेगळं.

आता खरी गंमत. मृत समुद्रापाशी भूकवचाचे दोन तुकडे एकमेकांना घासत सरकतात आणि मधली जमीन खचत जाते. पण खचलेली जागा पावसाने भरून वाहू का लागत नाही? तुमचा कूलर पाहा. मे महिन्यात टाकी भरली तरी संध्याकाळी अर्धी होते आणि जाळीवर पांढरा थर धरतो. तिथेही तसंच. येणाऱ्या पाण्यापेक्षा उडून जाणारं जास्त, आणि क्षार मागे राहतात. म्हणून ते पाणी साध्या समुद्रापेक्षा जवळजवळ दहापट खारट आहे, माणूस त्यावर आपोआप तरंगतो.

दुसरा खळगा चीनच्या तुर्फानचा, 154 मीटर खाली. तो आम्ही मुद्दाम हिरवा रंगवत नाही. शाळेच्या नकाशामुळे सखल म्हणजे हिरवंगार असं मनात बसतं, आणि तिथे तर रखरखीत वाळवंट आहे. द्राक्षांच्या बागा आहेत, पण त्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या कालव्यांनी आणून पिकवलेल्या. कॅस्पियनचा किनारा सुमारे 28 मीटर खाली आणि केरळातल्या कुट्टनाडची भातशेती एकदोन मीटर. एवढं बोटाला लागणारच नाही, म्हणून तिथे फक्त रंग बदलला आहे.

मृत समुद्राच्या चिठ्ठीवरचा आकडा आम्ही छापत नाही, पेन्सिलने लिहितो. 1960 च्या दशकात तो 395 च्या आसपास होता. जॉर्डन नदीचं पाणी वरच्या वर वळवलं गेलं, दक्षिणेकडे खनिजांसाठी पाणी आटवलं जातं, आणि पातळी दरवर्षी सुमारे एक मीटर उतरते. किनाऱ्यावर जमीन अचानक खचून खड्डे पडत आहेत. हे वाईट वाटण्यासारखंच आहे. दुकानात याल तेव्हा ती चिठ्ठी आणा, नवा आकडा लिहून देऊ.

आणि नकाशा ओल्या फडक्याने पुसू नका. कागदाचा लगदा पाण्याने फुगतो आणि सगळ्यात आधी हे खळगेच भरून येतात.