कादंबरी आणि गाजलेल्या सिनेमावरून संगीत नाटक करायचंय? एका पत्रावर भागत नाही

राज्य संगीत नाट्य स्पर्धा असो की तिकीट लावून केलेला प्रयोग, अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा परवानगीच्या पत्रापाशी. मंडळी कादंबरीच्या लेखकाचं किंवा वारसांचं पत्र जोडतात आणि निवांत तालमी सुरू करतात, पण प्रेक्षकाला आठवत असतो तो सिनेमा, गाणीही सिनेमातलीच हवी असतात, आणि त्या सगळ्याचे मालक वेगळे असतात.

‘श्यामची आई’च घ्या. साने गुरुजी 1950 साली गेले. लेखकाचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो आणि ही वर्षं मोजायची पुढच्या 1 जानेवारीपासून (पुस्तकाच्या प्रकाशनापासून नाही, ही चूक खूप जण करतात), म्हणजे पुस्तक 2010 अखेर मोकळं झालं. अत्र्यांचा सिनेमा 1953 चा. सिनेमाची 60 वर्षं मात्र प्रदर्शनापासून, त्यामुळे तोही 2013 अखेर सुटला. इथपर्यंत हिशोब आला की लोक म्हणतात, चला, सगळंच फुकट!

नाही हो. कॉपीराइट कायद्याच्या कलम 13 मध्ये सरळ लिहिलंय की सिनेमाचा हक्क वेगळा आणि त्यात वापरलेल्या लेखनाचा, संगीताचा हक्क वेगळा. अत्रे गेले 1969 मध्ये, म्हणजे त्यांची पटकथा, संवाद आणि त्यांनी लिहिलेली गाणी 2029 संपेपर्यंत संरक्षित. वसंत देसाई 1975 मध्ये गेले, त्यांच्या चाली 2035 संपेपर्यंत. ‘भरजरी गं पितांबर’ रंगमंचावर गायचं तर शब्दांसाठी एक आणि चालीसाठी दुसरा हक्कदार शोधायचा. आणि 2023 ला आलेल्या नव्या सिनेमातला एखादा प्रसंग आवडला म्हणून उचलायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा, त्याचं सगळंच अजून जिवंत आहे.

आता जो कागद कुणाकडेच नसतो त्याबद्दल. चालीचे हक्क निर्मात्याकडे गेले, म्युझिक कंपनीकडे गेले की संगीतकाराच्या घरीच राहिले, हे ठरतं त्या काळच्या करारावर, आणि तो करार कुठल्या कपाटात आहे देव जाणे. टेबलापलीकडून ‘मूळ करार आणा’ म्हणायला काय जातं! अशा वेळी कंपनी, निर्मात्यांचे वारस आणि संगीतकाराचे वारस अशा तिघांकडून आपल्याकडे नेमका कोणता हक्क आहे किंवा नाही हे लेखी घ्या. वारस चार असतील तर सह्या चौघांच्या. थोरल्याने सही केली आणि परदेशातल्या धाकटीने शुभारंभाच्या आठवड्यात नोटीस पाठवली, असलं प्रकरण फार महागात पडतं.

पत्राची भाषाही बघा. ‘नाटक करण्यास हरकत नाही’ एवढं पुरत नाही, त्यात संगीत नाट्यरूपांतर आणि जाहीर प्रयोग हे दोन्ही स्पष्ट यायला हवं, शिवाय मुदत, प्रदेश, मानधन. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, म्हणजे पुढे दुबईच्या किंवा न्यू जर्सीच्या महाराष्ट्र मंडळाने बोलावलं की पुन्हा वारसांच्या दारात. आणि सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे: मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तो आपोआप रद्द होतो. निर्माता मिळेपर्यंत वर्ष कधी निघून जातं कळतही नाही, तेव्हा दोन-तीन वर्षांची सवलत आधीच लिहून घ्या.

‘आमचं हौशी आहे, तिकीट नाही’ हेही नेहमी ऐकू येतं. हौशी संस्थेने विनामूल्य प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला कलम 52 मध्ये सूट आहे खरी, पण ती प्रयोगाला, कादंबरीचं नाटक करण्याला नाही. आणि देणगी प्रवेशिका काढल्या की विनामूल्य म्हणायला जागा कुठे उरली?

हे जमलं की बाकीचं सरळ आहे. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र (आपण सेन्सॉर म्हणतो ते) पहिल्या प्रयोगाआधी हवं, अर्जासोबत संहिता आणि परवानगीची पत्रं. ‘गाणी नंतर बसवू’ म्हणून संहितेत नुसतं ‘इथे गाणं’ असं लिहून पाठवू नका, सगळी पदं शब्दासकट टाइप करा. हे प्रमाणपत्र मिळालं म्हणजे हक्कही मिळाले असं मात्र नाही, मंडळ मजकूर तपासतं, मालकी ठरवत नाही. तुमच्या संहितेची कॉपीराइट नोंदणी ऐच्छिक आहे, करायची तर फॉर्म 14, फी 500 रुपये, हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं.

आणि सिनेमाची गाणी मिळालीच नाहीत तर नवीन पदं लिहून घ्या, नव्या चाली बांधून घ्या, फक्त त्या नव्या कवीशी आणि संगीतकाराशीसुद्धा पहिल्या तालमीआधी लेखी करार करा, ते कितीही जवळचे मित्र असले तरी.