उत्खननाचा परवाना दिला, पुढचं काम कोण तपासतं?

आपल्याकडच्या उत्खनन परवान्याच्या अटींमध्ये एक अट फार बोलकी आहे. परवान्यात ज्याचं नाव उत्खनन-संचालक म्हणून असेल, त्याने कामाच्या एकूण काळापैकी किमान तीन-चतुर्थांश काळ प्रत्यक्ष जागेवर हजर राहिलं पाहिजे. १९५९ च्या नियमांत ही अट घालावी लागली, कारण नाव मोठ्या अभ्यासकाचं आणि चरात उतरणारे सगळे शिकाऊ, ही भीती खरी होती. मात्र हजेरी मोजता येते तशी कामाची गुणवत्ता मोजता येत नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत सरकारने उत्खननावर ठेवलेल्या देखरेखीचा इतिहास पाहिला की जाणवतं, परवाना देताना जेवढी छाननी होते तेवढी काम संपल्यावर होत नाही.

ही गोष्ट एवढी महत्त्वाची का, हे चरात उतरल्याशिवाय नीट कळत नाही. समजा, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडात सातवाहन काळाचा थर आहे आणि त्याच्या खाली ताम्रपाषाण काळाचा. सातवाहन काळात कोणी तरी धान्याचं पेव किंवा कचऱ्याचा खड्डा खणला आणि तो वरून थेट खालच्या थरात घुसला. खड्ड्यातली माती थोडी भुसभुशीत, रंगाने जराशी वेगळी, एवढाच काय तो फरक. खणणाऱ्याच्या नजरेतून तो सुटला, तर सातवाहन नाणं ताम्रपाषाण थराच्या पिशवीत जातं. पिशवीवर जागेचं नाव, चराचा क्रमांक, थर, खोली, तारीख सगळं व्यवस्थित लिहिलेलं असतं आणि तरीही ते चुकीचं असतं. पुन्हा तपासायला तो थर उरलेला नसतो. नकाशे, थरांच्या छेदांची रेखाटनं, छायाचित्रं, नोंदवह्या आणि त्यांवरून लिहिलेला अहवाल, एवढंच मागे राहतं. त्यामुळे देखरेख करायची ती या कागदांवरच करावी लागते.

सुरुवातीला परवान्याचा प्रश्नच नव्हता. १८५० च्या दशकात लाहोर-मुलतान रेल्वेच्या भरावासाठी हडप्प्याच्या विटा उचलून नेल्या गेल्या, तेव्हा अडवणारं कोणी नव्हतं. १८६१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या नेमणुकीपासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची सुरुवात झाली. १९०४ मध्ये कर्झनच्या काळात प्राचीन स्मारक संरक्षण कायदा आला. त्याने उत्खननावर नियंत्रण आणण्याचा अधिकार सरकारला दिला. सर्वेक्षणाचे महासंचालक जॉन मार्शल यांच्या कारकिर्दीत मोठी उत्खननं बहुतेक सर्वेक्षणानेच केली. खणणारं आणि नियंत्रण ठेवणारं खातं एकच होतं.

१९३२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि बाहेरच्या संस्थांना परवान्यावर उत्खनन करण्याचा रस्ता मोकळा झाला. त्याचं पहिलं मोठं फळ म्हणजे सिंधमधल्या चन्हुदडो या हडप्पा संस्कृतीच्या स्थळाचं उत्खनन. १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी अमेरिकी संस्थांसाठी तिथे काम केलं आणि १९४३ मध्ये त्याचा अहवाल छापून आला. आजच्या मानाने ही तत्परता कौतुकास्पदच म्हणायला हवी.

गुणवत्तेचा प्रश्न मात्र परवानाधारकांमुळे उभा राहिला नाही, तो खुद्द खात्याच्या कामामुळे उभा राहिला. इराकमधल्या ऊर या प्राचीन नगराचं उत्खनन करणारे लिओनार्ड वूली यांना सरकारने भारतात बोलावलं आणि खात्याच्या कामाची तपासणी करायला सांगितलं. १९३९ मधल्या त्यांच्या अहवालात पद्धत, प्रशिक्षण आणि स्थळांची निवड या तिन्हींवर कडक टीका होती. बाहेरच्या माणसाकडून सरकारने स्वतःच्या खात्याची अशी झाडाझडती करून घेतली, ही या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची घटना वाटते. १९४४ मध्ये महासंचालक झालेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी त्याच वर्षी तक्षशिलेला प्रशिक्षण वर्ग भरवला. चौकोनी चर, मध्ये न खणता राखलेल्या मातीच्या भिंती, त्या भिंतींवर दिसणारे थर हीच तारीख ठरवण्याची कसोटी, हे सगळं एका पिढीच्या हाडीमाशी भिनलं. मोहेंजोदडोत वस्तूंची नोंद थरानुसार न करता ठरावीक पातळीपासूनच्या खोलीनुसार केली गेली, यावर व्हीलर यांनी टीका केली. ती थोडी उर्मट होती, पण मुद्दा बरोबर होता. १९४५ मध्ये केंद्रीय पुरातत्त्व सल्लागार मंडळ स्थापन झालं. पुढे उत्खननाचे प्रस्ताव तपासण्याचं काम याच मंडळाच्या स्थायी समितीकडे आलं.

डिसेंबर १९५६ मध्ये युनेस्कोची सर्वसाधारण परिषद नवी दिल्लीत भरली होती. तिथे उत्खननाविषयीची आंतरराष्ट्रीय शिफारस मंजूर झाली: सरकारी परवानगीशिवाय उत्खनन नको, स्थळाचा काही भाग पुढच्या पिढीच्या सुधारलेल्या तंत्रासाठी न खणता राखावा आणि अहवाल वेळेत प्रसिद्ध व्हावा. प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांविषयीचा १९५८ चा आपला कायदा आणि त्याखालचे १९५९ चे नियम लगोलग आले. नियमांनुसार परवाना दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. अनामत रक्कम मागता येते. परवानगीशिवाय सापडलेलं बांधकाम हलवायचं नाही, वस्तूंवर रासायनिक प्रक्रिया करायची नाही. अटी मोडल्या तर परवाना रद्द होऊ शकतो. राज्य सरकारांनाही केंद्राच्या संमतीशिवाय खणता येत नाही. कामाची माहिती सर्वेक्षणाकडे द्यावी लागते, पण ती असते थोडक्यात. तीन मोसम चाललेल्या उत्खननाला वार्षिक आढाव्यात काही परिच्छेद मिळतात. त्यावरून काम चांगलं की वाईट, हे कोणालाही सांगता येणार नाही. ते कळतं संपूर्ण अहवालातून.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केलं आणि १९६० मध्ये अहवाल काढला. इनामगावचं काम १९६८ पासून १९८३ पर्यंत चाललं, त्याचा अहवाल १९८८ मध्ये आला. आता राजस्थानातलं कालीबंगन पाहा. सर्वेक्षणाने तिथलं काम १९६९ मध्ये संपवलं. आद्य हडप्पा काळावरचा अहवाल आला २००३ मध्ये. चौतीस वर्षांत खणणारे निवृत्त होतात, काही जग सोडून जातात. त्यांच्या नोंदवह्यांतल्या खुणांचा अर्थ विचारायला कोणी उरत नाही.

हा प्रश्न कायद्याच्या रचनेतच दडलेला आहे. परवाना लागतो तो बाहेरच्यांना. सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांना कायद्याने थेट अधिकार आहे, त्यामुळे अनामत जप्त होण्याचा किंवा परवाना जाण्याचा धाक त्यांना लागू होत नाही. २०१३ च्या अहवालात भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी दाखवून दिलं की सर्वेक्षणाच्या खर्चापैकी एक टक्क्याहूनही कमी रक्कम शोध आणि उत्खननावर जाते. रखडलेल्या उत्खनन अहवालांवरही त्यांनी बोट ठेवलं. हिशेब तपासणाऱ्यांनी हे सांगावं लागलं, ही बाब मला खटकते. हे काम पुरातत्त्वज्ञांच्या समितीने वर्षानुवर्षं करायला हवं होतं.

इतर देशांनी वेगवेगळे मार्ग काढले. आयर्लंडमध्ये १९३० च्या कायद्यापासून उत्खननाला परवाना लागतो आणि तो मिळण्याआधी अभ्यासकाची मुलाखत होते, म्हणजे कस माणसाचा लावला जातो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात भर कागदांवर आहे. तिथलं बरंचसं काम बांधकामाआधीच्या तपासणीचं, पैसे देणारा विकासक. त्याला जागा लवकर मोकळी हवी असते आणि पुरातत्त्वज्ञ त्याच्याच पैशावर काम करत असतो. म्हणून २०११ मध्ये प्रांताने सल्लागार पुरातत्त्वज्ञांसाठी सविस्तर मानकं लागू केली. अहवाल मंत्रालयाकडे जातो आणि तिथे तो या मानकांशी ताडून पाहिला जातो. आपल्याकडे महामार्ग आणि धरणांची कामं ज्या वेगाने चालली आहेत, ते पाहता या पद्धतीचा अभ्यास व्हायला हवा.

अहवाल तपासायला गेलं की काय वाद होऊ शकतो, हे तमिळनाडूतल्या कीळडी या प्राचीन वस्तीच्या उत्खननाने दाखवलं. सर्वेक्षणाने तिथलं काम २०१४ मध्ये हाती घेतलं. पहिले मोसम ज्यांनी चालवले, त्या अधिकाऱ्याची २०१७ मध्ये बदली झाली. २०१८ पासूनचं उत्खनन राज्याच्या पुरातत्त्व विभागाने केलं. त्या अधिकाऱ्याने जानेवारी २०२३ मध्ये ९८२ पानांचा अहवाल सादर केला. मे २०२५ मध्ये सर्वेक्षणाने कालनिश्चितीबाबत शंका काढून तो दुरुस्तीसाठी परत पाठवला आणि अधिकाऱ्याने आपले निष्कर्ष बदलायला नकार दिला. शंका काढणं हा तपासणीचा भागच आहे, त्यात गैर काही नाही. पण इथे खणणारं खातं, तपासणारं खातं आणि अहवाल छापायचा की नाही हे ठरवणारं खातं एकच होतं. तपासणाऱ्यांनी नेमक्या कोणत्या थराच्या कोणत्या नमुन्यावर बोट ठेवलं, हे इतर अभ्यासकांना पडताळून पाहायचं तर मूळ अहवाल आणि त्यावरचे आक्षेप, दोन्ही शेजारी ठेवून वाचता यायला हवेत.