युद्ध दफनभूमी आणि माजी सैनिकांची राष्ट्रीय दफनभूमी

छायाचित्रात बेल्जियममधले टाइन कॉट आणि अमेरिकेतले आर्लिंग्टन सारखेच दिसतात: पांढऱ्या दगडांच्या सरळ रांगा आणि कातरलेले गवत. आपणही दोन्हींना ‘लष्करी दफनभूमी’ म्हणून मोकळे होतो. परंतु टाइन कॉट ही युद्ध दफनभूमी आहे आणि आर्लिंग्टन ही राष्ट्रीय दफनभूमी. पहिलीत युद्धकाळात मरण आलेले सैनिक आहेत. दुसरीत त्यांच्यासारख्यांच्या शेजारीच युद्धाहून घरी परतलेले, संसार करून, नातवंडे पाहून वारलेले माजी सैनिकही आहेत.

हा फरक दगडावरच वाचता येतो. युद्ध दफनभूमीतल्या सुमारे ८१ सेंटिमीटर उंचीच्या दगडावर पलटणीचे चिन्ह, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख आणि बहुधा वय कोरलेले असते, जन्मतारीख नसते. ज्याची ओळखच पटली नाही, त्याच्या दगडावर रुडयार्ड किपलिंग यांनी सुचवलेले, ‘देवालाच ठाऊक’ अशा अर्थाचे शब्द असतात. किपलिंग यांचा स्वतःचा मुलगा १९१५ साली लूसच्या लढाईत गेला होता. टाइन कॉटमधल्या जवळजवळ १२,००० कबरींपैकी ८,००० हून अधिक अशाच अनोळखी आहेत. राष्ट्रीय दफनभूमीतल्या दगडावर मात्र जन्म आणि मृत्यू अशा दोन्ही तारखा सापडतात, आणि त्यांच्यामध्ये पुष्कळदा सत्तर-ऐंशी वर्षांचे आयुष्य असते.

टाइन कॉटसारख्या, ब्रिटन आणि त्याच्या साम्राज्यातल्या सैनिकांच्या युद्ध दफनभूमींची देखभाल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन करते. १९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा खर्च भारतासह सहा सदस्य देश उचलतात. तिच्या लेखी ‘युद्धात मरण पावलेला’ कोण, हे तारखांवरून ठरते: पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या काळात सेवेत असताना कोणी गोळीने मेला, तापाने मेला की अपघातात, याने फरक पडत नाही. उलट विषारी वायूने फुप्फुसे जळालेला एखादा सैनिक १९२२ साली त्याच दुखण्याने गेला, तर तो या नोंदीत येत नाही. मला ही रेषा निष्ठुर वाटते, पण सतरा लाखांच्या आसपास माणसांची नोंद ठेवायची, तर रेषा कुठेतरी ओढावीच लागली असती.

ब्रिटिश साम्राज्याने १९१५ पासून मृतदेह मायदेशी नेण्यास बंदी केली. श्रीमंतांनी आपली मुले घरी आणावीत आणि गरिबांची परमुलखात राहावीत, हे टाळण्यासाठी ती पुढेही टिकवली गेली आणि सर्व हुद्द्यांना एकाच मापाचा दगड ठरला. अनेक आयांना हे मान्य नव्हते. ४ मे १९२० रोजी ब्रिटिश संसदेत यावर वाद झाला आणि समतेचा नियम टिकला. आर्लिंग्टनच्या जुन्या भागांत मात्र कुटुंबांनी स्वखर्चाने उभारलेले मोठे दगड आजही आहेत, आणि तिथे वर्णानुसार वेगळे दफन १९४८ पर्यंत चालू होते.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय दफनभूमींची सुरुवातही युद्धातल्या मृतांपासूनच झाली. जुलै १८६२ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, संसदेने त्यासाठी जमीन घेण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना दिला. १८७३ साली संघराज्याच्या बाजूने लढून सन्मानाने सेवामुक्त झालेल्या सर्व सैनिकांना तिथे दफनाचा हक्क मिळाला, आणि दोन प्रकारच्या दफनभूमींच्या वाटा इथेच वेगळ्या झाल्या. आज ठरावीक सेवा केलेल्या आणि बेअब्रूने बडतर्फ न झालेल्या माजी सैनिकाला जागा, दगड, कायमची देखभाल आणि शवपेटीवरचा राष्ट्रध्वज हे सर्व विनामूल्य मिळते. कुटुंबाने मागणी केल्यास किमान दोन गणवेशधारी सैनिक येतात, बिगुलाची धून वाजते आणि ध्वजाची त्रिकोणी घडी करून ती जवळच्या नातेवाइकाच्या हाती दिली जाते. पात्रतेची खात्री हयातीत करून घेता येते, मात्र जागा आधी राखून ठेवता येत नाही. लष्कराच्या ताब्यातल्या आर्लिंग्टनमध्ये जमिनीत दफनाचे निकष याहून पुष्कळ कडक आहेत.

राष्ट्रीय दफनभूमीत जोडीदारालाही जागा मिळते, मग मृत्यू आधी कोणाचाही होवो. आर्लिंग्टनमध्ये पती-पत्नींना एकाच कबरीत, एकावर एक, पुरतात, आणि रांगांच्या मागच्या बाजूने चालत गेल्यास कित्येक दगडांच्या पाठीवर पत्नीचे नाव वाचायला मिळते.