आयर्लंडची बँकहमी: एका रात्रीचा निर्णय आणि त्याचा लांबलेला हिशेब

आयर्लंडच्या अर्थकारणावर रोज लिहिणारा कोणताही पत्रकार घ्या. विषय घरभाड्याचा असो, अंदाजपत्रकाचा असो की पाणीपट्टीचा, चार परिच्छेदांत तो २९ सप्टेंबर २००८ च्या रात्रीवर येतोच. आज तिथली तिजोरी भरलेली आहे, बेकारी कमी आहे, तरी सरकारी आकडा दिसला की तिथला जाणता वाचक आधी संशयाने पाहतो. या सवयीचे मूळ त्या रात्रीत आहे. सहा बँकांच्या देण्यांना सरकारने दिलेली ती हमी आयर्लंडच्या सार्वजनिक आयुष्यातला सर्वांत महागडा निर्णय ठरली, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

मागचा इतिहास थोडक्यात पुरेल. पन्नासच्या दशकात माणसे देश सोडून जात होती म्हणून १९५६ मध्ये निर्यातीच्या नफ्यावर करसवलत आली, १९५९ मध्ये शॅननला मुक्त क्षेत्र उभे राहिले, १९७३ मध्ये देश युरोपीय समुदायात गेला. ऐंशीच्या दशकात पुन्हा कर्ज आणि बेकारी वाढली. १९८७ मध्ये सरकार, उद्योग आणि कामगार संघटना वेतनाच्या करारावर एकत्र बसल्या आणि त्यानंतर गाडी रुळावर आली. नव्वदच्या दशकातली वाढ खरी होती. औषधे, संगणक, सॉफ्टवेअर यांची निर्यात होती, आणि तिच्या जोरावर परदेशी गेलेली मुले घरी परतत होती. कंपनीकराचा १२.५ टक्क्यांचा दर २००३ पासून लागू झाला.

घोळ त्यानंतरचा आहे. साधारण २००१ नंतर वाढीचे इंजिन निर्यातीकडून बांधकामाकडे सरकले. युरोमुळे व्याजदर फ्रँकफर्टला, युरोपीय मध्यवर्ती बँकेत ठरत होते. मंदावलेल्या जर्मनीला जो दर हवा होता, तोच तापलेल्या डब्लिनलाही लागू होता. २००६ मध्ये सुमारे ४२ लाख लोकसंख्येच्या या देशात जवळपास ९० हजार घरे बांधून झाली. ब्रिटनची लोकसंख्या चौदापट, आणि तिथे त्याच वर्षी साधारण दोन लाख. सरकारचे हातही याच पैशाने ओले होत होते. कंपनीकर, मुद्रांक शुल्क आणि भांडवली नफ्यावरचा कर यांचा करवसुलीतला वाटा १९८७ मधल्या सुमारे ८ टक्क्यांवरून २००६ पर्यंत ३० टक्क्यांच्या घरात गेला होता. त्या भरवशावर आयकर कमी करत नेला आणि खर्च वाढवला. बांधकाम थांबले की महसूलही आटणार, हे गणित अवघड नव्हते.

या काळात अँग्लो आयरिश या एका बँकेचा बोलबाला फार होता. सेंट स्टीफन्स ग्रीनवरचे तिचे मुख्यालय, हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या शाखा, आणि मोजक्या बिल्डरांना दिलेली अवाढव्य कर्जे. कर्जाचा निर्णय इथे दिवसांत व्हायचा, जुन्या बँकांत महिने लागायचे. एका आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीने तिला जगातली सर्वोत्तम कामगिरीची बँक ठरवले होते. तिच्याकडे पाहून दोन जुन्या मोठ्या बँकाही बिल्डरांच्या मागे धावू लागल्या. जुन्या बँकांनी आपली सावधगिरी सोडली, हे मला या साऱ्यातले सर्वांत मोठे नुकसान वाटते.

इशारे मिळाले नाहीत असे नाही. डिसेंबर २००६ मध्ये डब्लिनच्या एका विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने एका दैनिकात लेख लिहून इतर देशांतल्या घसरणींचा दाखला दिला आणि घरांच्या किमती निम्म्यावर येऊ शकतात असे सांगितले. पुढच्या जुलैत, डोनेगॉलमधल्या बंडोरन इथे कामगार संघटनांच्या परिषदेत पंतप्रधानांनी अशा कुरकुर करणाऱ्यांवर तोंडसुख घेतले. हे लोक आत्महत्या कशी करत नाहीत, असे ते बोलून गेले आणि नंतर त्यांना माफी मागावी लागली. वर्तमानपत्रांचीही बाजू स्वच्छ नव्हती. दर आठवड्याच्या जाडजूड घरविक्री पुरवण्यांवर त्यांचे उत्पन्न उभे होते. एका प्रतिष्ठित दैनिकाने तर २००६ मध्ये ५ कोटी युरो मोजून घरविक्रीचे संकेतस्थळच विकत घेतले. याचा अर्थ बातमीदार विकले गेले होते असा नाही. पण ज्या पानांवर बाजाराची चिकित्सा व्हायची, त्याच पानांचा खर्च तो बाजार भागवत होता. आज तिथले अर्थ-पत्रकार आपल्या धंद्यावरही कठोर लिहितात, त्यामागे हा अनुभव आहे.

मार्च २००८ मध्ये, सेंट पॅट्रिक्स डेच्या दिवशीच, त्या लाडक्या बँकेचा शेअर कोसळला. १५ सप्टेंबरला न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडाली. २० तारखेला आयर्लंड सरकारने ठेवींवरच्या विम्याची मर्यादा २० हजार युरोंवरून १ लाखावर नेली. लोकांनी पैसे काढणे थांबवले नाही. रेडिओवरच्या फोन-इन कार्यक्रमात लोक आपली बँक सुरक्षित आहे का असे विचारत होते, आणि मंत्री माध्यमांवर डाफरत होते. २९ सप्टेंबरच्या सोमवारी अमेरिकेच्या प्रतिनिधी सभेने बँकांना मदतीचा ठराव फेटाळला, जर्मनीत एक मोठी गृहकर्ज बँक वाचवावी लागली, आणि डब्लिनमध्ये अँग्लो आयरिशच्या शेअरची किंमत एका दिवसात जवळपास निम्म्यावर आली.

संध्याकाळी दोन मोठ्या बँकांचे प्रमुख मेरियन स्ट्रीटवरच्या सरकारी कार्यालयात येऊन थांबले. आपल्यालाही फार दिवस तग धरता येणार नाही, त्या एका बँकेचे काहीतरी करा, असे त्यांचे म्हणणे होते. आत पंतप्रधान, अर्थमंत्री, मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर, बँकांचे नियामक, महाधिवक्ता आणि अधिकारी बसले होते. सरकारने नेमलेल्या गुंतवणूक बँकेची टिपणी त्याच संध्याकाळी आली होती. सरसकट हमीचा आकडा ५०० अब्ज युरोंच्या पुढे जाऊ शकतो आणि बाजाराचा खुद्द देशाच्या पतीवरचा विश्वास डळमळेल, अशी धोक्याची सूचना तीत होती. इतर वाटाही होत्या: आजारी बँक ताब्यात घेणे, मोठ्या बँकांना काही दिवसांची रोकड पुरवणे, किंवा फक्त ठेवींना हमी देणे. मध्यरात्रीनंतर मंत्र्यांना फोन करून संमती घेतली गेली. एका मंत्र्याचा फोन लागेना, तेव्हा त्यांच्या घरी पोलीस पाठवून त्यांना उठवावे लागले. सकाळी बाजार उघडण्याआधी घोषणा झाली: सहा वित्तसंस्थांच्या ठेवी, रोखे आणि मुदतीचे दुय्यम रोखेही (बँक बुडाली तर इतर देणी भागल्यावरच ज्यांचे पैसे मिळतात ते), सारे दोन वर्षांसाठी सरकारच्या हमीखाली. मिळून सुमारे ४४० अब्ज युरो, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या दुपटीहून जास्त.

वाद होतो तो बहुधा हमी द्यायला हवी होती की नाही यावर. मला तो प्रश्न तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. दुसऱ्या दिवशी एटीएम कोरडी पडली असती तर काय झाले असते, याची भीती खरी होती, आणि काहीतरी मोठे आश्वासन देणे भाग होते हे २०१० मध्ये आलेल्या, नव्या गव्हर्नरांनी लिहिलेल्या अहवालानेही मान्य केले. खरी चूक हमीच्या व्याप्तीत होती. जुने, आधीच विकले गेलेले दीर्घ मुदतीचे रोखे तिच्यात घालण्याचे कारणच नव्हते. त्या रोखेधारकांचा पैसा अडकलेलाच होता, तो दुसऱ्या दिवशी काढून घेण्याची सोय त्यांना नव्हती. त्यांना हमी दिल्याने नवी रोकड एक पैसाही आली नाही. दुय्यम रोखे घेणाऱ्याला तर जास्त व्याज मिळते ते जोखीम घेतो म्हणूनच. ती जोखीम एका रात्रीत करदात्याच्या अंगावर आली. आणि हमी चांगल्या-वाईट सगळ्या बँकांना एकाच वेळी मिळाल्यामुळे बुडालेली बँक पुढची दोन वर्षे बंदही करता येईना. बँकांकडे फक्त रोकड कमी आहे, मालमत्ता शाबूत आहे, असे नियामकाने सांगितले आणि खोलीतल्या सर्वांनी ते गृहीत धरले. हिशेबाच्या वह्या उघडून पाहणाऱ्यांनाही तेव्हा तसेच वाटत होते. एवढ्या मोठ्या निर्णयाची लेखी नोंद मात्र फारच तुटपुंजी आहे. कोणी कोणाला नेमके काय सांगितले हे आजही आठवणींवरून ठरवावे लागते, आणि त्या जुळत नाहीत.

संसदेत मजूर पक्षाने विरोधात मत दिले. मुख्य विरोधी पक्षाने सरकारला साथ दिली. मालवण तालुक्यातल्या वराडचे वडील असलेला, पुढे पंतप्रधान झालेला तरुण खासदार याच पक्षाचा, आदल्याच वर्षी निवडून आलेला. आज जे पक्ष त्या रात्रीला नावे ठेवतात, त्यांपैकी बहुतेकांचा हात तेव्हा वर होता, हे तिथल्या वादात सोयीने विसरले जाते.

झळ लागायला महिनाही लागला नाही. ऑक्टोबर २००८ च्या तातडीच्या अंदाजपत्रकात सत्तरीपुढच्यांना आपोआप मिळणारे मोफत उपचाराचे कार्ड काढून घेण्याचा प्रस्ताव आला. डब्लिनच्या वेस्टलँड रोवरच्या चर्चमध्ये ज्येष्ठ नागरिकांची सभा भरली, तिथे राज्यमंत्र्यांना लोकांनी बोलू दिले नाही. दुसऱ्या दिवशी हजारो वृद्ध संसदेसमोर उभे होते. सरकारला बरेचसे मागे घ्यावे लागले. बँकांना रातोरात ४४० अब्जांची हमी देणारे सरकार आजीच्या औषधांवर हात आखडते घेते, हा राग तिथपासून धुमसत राहिला.

जानेवारी २००९ मध्ये ती बँक सरकारजमा झाली. बुडीत कर्जे विकत घेण्यासाठी वेगळी संस्था निघाली आणि तिने ७४ अब्ज युरोंची कर्जे सुमारे ३२ अब्जांना घेतली, तेव्हा बँकांच्या वह्यांतले भोक उघडे पडले. ३० सप्टेंबर २०१० ला एकट्या त्या बँकेचा खर्च २९ अब्जांवर गेल्याचे जाहीर झाले, आणि त्या वर्षीची अंदाजपत्रकी तूट वार्षिक उत्पादनाच्या ३० टक्क्यांपुढे गेली. योगायोग नव्हे, पण याच सुमारास दोन वर्षांची जुनी हमी संपत होती. तोवर बँकांचे रोखे मुदत भरून परत केले जात होते, आणि त्यांची जागा मध्यवर्ती बँकांचा तातडीचा पैसा घेत होता. फ्रँकफर्टला हे असह्य झाले. नोव्हेंबरमध्ये मंत्री मदतीची बोलणी नाकारत असतानाच आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांनी फ्रँकफर्टहून सकाळच्या रेडिओ कार्यक्रमाला फोन लावून सांगून टाकले, की मोठे कर्ज घ्यावे लागेल. लोकांना खरी बातमी अशी कळली. एकूण ८५ अब्जांच्या कार्यक्रमातले १७.५ अब्ज आयर्लंडचे स्वतःचेच होते, बरेचसे पेन्शनसाठी साठवलेले.

फेब्रुवारी २०११ च्या निवडणुकीत, १९३२ पासून संसदेत सर्वांत मोठा असलेला पक्ष २० जागांवर आला. नव्या सरकारने आता हमी संपलेल्या रोखेधारकांना तोटा सोसायला लावायचे ठरवले, तेव्हा युरोपीय मध्यवर्ती बँकेने पाय अडवला. असे केले तर बॉम्ब फुटेल आणि तो डब्लिनमध्ये फुटेल, असे तिच्या अध्यक्षांनी बजावल्याचे तेव्हाच्या अर्थमंत्र्यांनी पुढे चौकशीत सांगितले. दुय्यम रोखेधारकांचा पैसा बराच कापला गेला, मुख्य रोखेधारक सुटले. बुडालेल्या बँकेपायी दर ३१ मार्चला ३.१ अब्ज युरो मोजण्याची वचनचिठ्ठी फेब्रुवारी २०१३ मध्ये दीर्घ मुदतीच्या रोख्यांत बदलण्यात आली. त्यासाठी संसद रात्रभर बसली, आणि कायद्यावर सही करायला राष्ट्राध्यक्ष इटलीचा दौरा अर्धवट टाकून परतले. बेकारी तोवर १५ टक्क्यांच्या आसपास होती आणि अर्धवट वसाहतींच्या सरकारी यादीत २,८४६ नावे भरली होती.

जबाबदारी ठरवण्याचे काम मात्र अपुरे राहिले. ऑक्टोबर २०११ च्या सार्वमतात संसदीय समित्यांना चौकशीचे पुरेसे अधिकार देणारी घटनादुरुस्ती लोकांनीच नाकारली. राजकारण्यांवरच विश्वास उरला नव्हता. त्यामुळे पुढे झालेल्या चौकशीला कोणावर ठपका ठेवता आला नाही. एप्रिल २०१५ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष चौकशीपुढे रीतसर आले नाहीत. किल्मेनमच्या जुन्या रुग्णालयाच्या वास्तूत एका अभ्याससंस्थेचा कार्यक्रम होता, तिथे ते व्यासपीठावर बसले आणि समितीचे सदस्य समोरच्या खुर्च्यांतून प्रश्न विचारत राहिले. संपादकांनाही त्या वर्षी समितीपुढे बोलावले गेले. अहवाल जानेवारी २०१६ मध्ये आला. त्याआधी २०१३ मध्ये त्या बँकेतल्या फोन संभाषणांच्या ध्वनिफिती एका वृत्तपत्राने छापल्या होत्या. सरकारकडे मागायचा ७ अब्जांचा आकडा कसा मनाने ठरवला गेला, हे त्यांतून लोकांनी वाचले. बँकेच्या माजी मुख्याधिकाऱ्याला २०१८ मध्ये ठेवींचा आकडा फुगवल्याबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली.

एकूण ६४ अब्ज युरो बँकांत गेले. मोठ्या दोन बँकांतले शेअर विकून सरकारने पुष्कळ रक्कम परत मिळवली. एकीतून ते २०२२ मध्ये बाहेर पडले, दुसरीतून २०२५ मध्ये. अँग्लो आयरिश धरून बंद केलेल्या दोन संस्थांत गेलेल्या ३४.७ अब्जांपैकी मात्र जवळजवळ काहीच परत यायचे नाही.

आता तिथला वाद कंपनीकरावर आहे. दहा-एक परदेशी कंपन्या त्या कराचा निम्म्याहून जास्त भरणा करतात, २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना दर १५ टक्के झाला आहे, आणि युरोपीय न्यायालयाच्या निकालाने एका कंपनीकडून थकलेले १३ अब्ज युरो सरकारला मिळाले आहेत. शिल्लक खर्चावी की बाजूला ठेवावी, यावर मंत्री आणि भाष्यकार रोज भांडतात. २००६ मध्ये मुद्रांक शुल्काकडेही असेच कायमचे उत्पन्न म्हणून पाहिले जात होते, याची आठवण भाष्यकार दर अंदाजपत्रकाला करून देतात. २०२४ मध्ये सरकारने कंपनीकराच्या शिलकीतला काही भाग दोन राखीव निधींत टाकायला सुरुवात केली. उरलेला भाग दरवर्षीच्या खर्चात मिसळत आहे.